पगार १८ हजार आणि ॲडमिट व्हायची वेळ आली: योजना, ईएसआय आणि स्वस्त पॉलिसी, सगळं क्रमाने

आमचं गाव चंदगड तालुक्यात. बेळगाव तासाभरावर, कोल्हापूर लांब, आणि तालुक्यातली निम्मी पोरं गोव्यात कामाला. माझा नवरा कोल्हापूरच्या एमआयडीसीत, पगार हातात १८ हजार, दीर गोव्यात वेर्ण्याला, नणंद निपाणीला दिलेली. म्हणजे एकच घर पण तीन राज्यांत पसरलेलं, आणि तिन्हीकडे दवाखान्याचे नियम वेगळे. हे आम्हाला कळलं ते सासूबाईंच्या छातीत रात्री दोन वाजता कळ आली तेव्हा.

गाडी काढली, जवळ म्हणून सीमेपलीकडच्या शहरातल्या खाजगी दवाखान्यात नेलं. बाहेर सरकारी मोफत उपचाराच्या योजनेचा मोठा बोर्ड होता, तो बघून जीव भांड्यात पडला. सकाळी कळलं की त्या दवाखान्यात योजना आहे पण हाडांच्या ऑपरेशनला, हृदयाला नाही. तोवर डिपॉझिट, आयसीयू, तपासण्या मिळून ४२ हजार गेलेले. मग कोल्हापूरला हलवलं, तिथं योजनेत बसलं, पण तिथंही एक अडचण आली (ती खाली सांगते) आणि शेवटी स्टेंट फुकट बसला. त्या ४२ हजारांतले निम्मे हातउसने होते, ते फेडायला वर्ष गेलं. तेव्हापासून वाडीतलं कोणीही आजारी पडलं की पहिला फोन मला येतो, म्हणून म्हटलं एकदा सगळं क्रमाने लिहूनच टाकावं.

## १. आधी घरातल्या माणसांची यादी करा

एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येकाच्या नावापुढे चार गोष्टी लिहा: वय (आधारवरचं, खरं नाही), रेशनकार्ड कुठल्या राज्याचं आणि कुठल्या रंगाचं, नोकरीत ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापतात का, आणि आधीपासून काही दुखणं आहे का. शुगर, बीपी, थायरॉईड सगळं लिहा, लपवू नका, हा कागद तुमच्या घरातच राहणार आहे.

हे कशाला, तर एकाच घरात चार जणांना चार वेगळे रस्ते असतात. आमच्याकडे नवरा, मी, पोरं आणि सासूबाई ईएसआयमध्ये, वर सासूबाईंना राज्याची योजना पण, दीर गोव्याच्या योजनेत, नणंद कर्नाटकच्या. सगळ्यांना एकच पॉलिसी काढू म्हणून एजंटकडे गेलो असतो तर वर्षाला २५-३० हजार हप्ता आला असता आणि तो आमच्याच्याने दुसऱ्या वर्षी भरवला नसता.

## २. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळवून घ्या, आजच

आमची दुसरी अडचण हीच. सासूबाईंचं आधारवरचं नाव अनुसया. रेशनकार्डवर आक्काताई. गावात त्यांना सगळे आक्काताईच म्हणतात, पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्या तेव्हा कुणीतरी तेच नाव रेशनकार्डात घातलं आणि धान्य मिळत होतं म्हणून कुणाला कधी खटकलं नाही. दवाखान्यातल्या काउंटरवरचा पोरगा चांगला होता, पण तो म्हणाला, ताई मला माहितीय या त्याच आहेत, पण कॉम्प्युटरला कसं सांगू? मग नवरा एसटीने गावी, ग्रामपंचायतीतून दोन्ही नावांची व्यक्ती एकच असा दाखला, तालुक्याला नोटरीचं ॲफिडेव्हिट, परत कोल्हापूर. दीड दिवस गेला, आणि बाई आयसीयूत.

तर काय बघायचं:

- प्रत्येकाचं नाव रेशनकार्डावर आहे का. नवी सून आणि लहान मुलं, ही दोन नावं घालायची हमखास राहतात. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी करून सासरच्या कार्डावर चढवावं लागतं आणि त्या मधल्या काळात ती कुठेच नसते.
- नावाचं स्पेलिंग, वय आणि स्त्री-पुरुष हे दोन्हीकडे सारखं आहे का.
- रेशनकार्डाचा १२ अंकी ऑनलाईन नंबर तुमच्याकडे लिहून आहे का. जुन्या पिवळ्या-केशरी कार्डावर तो बऱ्याचदा नसतो, रेशन दुकानदार मशीनमधून काढून देतो.
- आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे का. ओटीपी तिथंच येणार. सासऱ्यांच्या नावाचा नंबर, तो रिचार्ज नाही म्हणून बंद, असं घरोघरी आहे.

दुरुस्तीसाठी तहसील कार्यालयातला पुरवठा विभाग किंवा आपले सरकार सेवा केंद्र. वेळ लागतो, दोन-तीन हेलपाटे धरून चला.

## ३. आयुष्मान कार्ड काढा

केंद्राची पीएमजय म्हणजे आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत ॲडमिट होऊन घ्यायचे उपचार. घरात किती माणसं याला मर्यादा नाही आणि जुन्या आजाराला थांबायला लावत नाहीत. आणि हप्ता शून्य! पण ती सगळ्यांना नाही, यादीत नाव पाहिजे. महाराष्ट्रात ढोबळमानाने ज्यांना अन्नसुरक्षेचं धान्य मिळतं ती कुटुंबं त्यात येतात.

नाव बघायला मोबाईलवर सरकारचं आयुष्मान ॲप घ्या, लाभार्थी म्हणून लॉगिन करा, राज्य, योजना आणि जिल्हा निवडा, मग आधार नंबर किंवा कुटुंबाचा नंबर टाकून शोधा. नाव आलं की ई-केवायसी (ऑनलाईन ओळख पटवणं) करायची, ओटीपीने किंवा चेहरा दाखवून. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, शेतात काम करणाऱ्यांचे तर नाहीच, तेव्हा चेहऱ्याचा पर्याय घ्या आणि उजेडात बसवा. ॲप जमत नसेल तर आशाताईंना विचारा, नाहीतर सेवा केंद्र, नाहीतर आरोग्यमित्र, म्हणजे योजनेतल्या दवाखान्यात पेशंटला मदत करायला बसवलेला माणूस.

कार्ड घरातल्या प्रत्येकाचं वेगळं निघतं. बापाचं काढलं म्हणजे सगळ्यांचं झालं असं नाही, ही चूक फार लोक करतात.

पैसे मागणारे भेटतील. कार्ड फुकट आहे. प्रिंट आणि लॅमिनेशनचे थोडेफार द्या, पण "यादीत नाव घालून देतो, हजार रुपये द्या" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, यादीत नाव घालणं त्याच्या हातात नसतं.

## ४. महाराष्ट्रात असाल तर: फुले योजना, आणि दवाखान्यात पहिल्या तासात काय करायचं

आपल्याकडची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणजे जुनी राजीव गांधी जीवनदायी, २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झालेली. २०१७ ला नाव बदललं, २०२० ला आयुष्मानला जोडली. आधी पिवळं आणि केशरी कार्डवाल्यांना दीड लाखापर्यंत होती. जुलै २०२४ पासून ५ लाख, आणि पांढरं कार्डवाल्यांनाही. रेशनकार्डच नाही असे लोक अधिवास दाखल्यावर बसतात. म्हणजे आयुष्मानच्या यादीत नाव नाही म्हणून तोंड पाडून घरी येऊ नका, फुले योजना वेगळी विचारा.

हे ५ लाख कुटुंबाला मिळून, माणशी नाही. आणि कुठल्याही आजाराला नाही, ठरलेल्या उपचारांच्या यादीला. ही यादी आधी १३५६ उपचारांची होती, २०२५ मध्ये ती वाढवून २३९९ करायचा निर्णय झाला. हृदय, किडनी, कॅन्सर, मेंदू, मोठी हाडं, भाजणं, नवजात बाळं हे सगळं त्यात आहे. साधा ताप, चक्कर आली म्हणून दोन दिवस सलाईन, ओपीडीची औषधं, हे नाही. काही ऑपरेशनं फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखीव ठेवलीत, ती खाजगीत योजनेतून होत नाहीत, मग लोक म्हणतात की योजना खोटी. खोटी नाही हो, दार चुकलं.

आता क्रम लक्षात ठेवा.

निघायच्या आधी १५५३८८ ला किंवा १८०० २३३ २२०० ला फोन लावा. प्रश्न एवढाच विचारायचा, "अमुक दवाखान्यात हृदयाच्या उपचाराला योजना आहे का?" फक्त "योजना आहे का" नाही विचारायचं. आमचे ४२ हजार ह्या एका शब्दापायी गेले. दवाखाना योजनेत असतो म्हणजे सगळ्या विभागांना असतो असं नाही. रात्री-अपरात्री जीवाचं असेल तर जवळचा दवाखाना गाठा, ते वेगळं, पण गाडीत बसलेल्या दुसऱ्या माणसाने तोवर फोन लावावा.

पोचल्यावर बिलिंगच्या खिडकीवर जाऊ नका, आधी आरोग्यमित्र शोधा. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात तो असतो. बसतो कुठे हा भाग निराळा, आम्हाला कोल्हापुरात तो लिफ्टच्या मागे, पाण्याच्या कूलरशेजारी सापडला, आणि योजनेच्या पाटीसमोर कुंड्या ठेवलेल्या. रिसेप्शनवर "आरोग्यमित्र कुठे बसतात?" असं ठासून विचारा, "काही योजना-बिजना आहे का हो?" असं पडेल आवाजात नको.

ॲडमिशनच्या कागदावर पेशंट कॅश की योजना हे लिहिलेलं असतं, ते वाचा. एकदा कॅश पेशंट म्हणून नोंद झाली की मग योजनेत वळवायला नाकीनऊ येतात आणि आधी भरलेले पैसे बहुतेक परत येत नाहीत. "योजनेची माहिती दिली होती, तरी स्वखुशीने कॅशने उपचार घेत आहे" अशा अर्थाचा छापील कागद सहीला आला तर थांबा. घाबरलेल्या माणसाकडून रात्री अशा सह्या घेतल्या जातात, आमच्याकडून पहिल्या ठिकाणी घेतली होती, नवऱ्याने न वाचता केली.

मंजुरी ऑनलाईन येते, तिला प्री-ऑथ म्हणतात. कागद, रिपोर्ट, पेशंटचा फोटो अपलोड होतात आणि मंजुरी आली की ऑपरेशन. अर्जंट असेल तर फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून, हे आरोग्यमित्राला स्वतःहून विचारा.

पैसे कशाचे द्यायचे नाहीत तर पॅकेजमधलं काहीच नाही: ऑपरेशन, औषधं, तपासण्या, पेशंटचं जेवण, आणि हे कुणाला माहीतच नसतं, घरी जायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंसुद्धा. बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली तर आधी ती आरोग्यमित्राला दाखवा. आणावंच लागलं तर पक्कं बिल घ्या, चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

### सोबत घ्यायची कागदं

- रेशनकार्ड (मूळ) आणि १२ अंकी नंबर
- पेशंटचं आधार, लहान मूल असेल तर आईबापाचं आधार आणि जन्माचा दाखला
- आयुष्मान कार्ड असेल तर ते
- आधीचे सगळे रिपोर्ट, डॉक्टरची चिठ्ठी
- तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला (फुले योजनेला नेहमी लागतो असं नाही, पण पुढे ९ व्या पायरीत लागतोच)
- अपघात असेल तर पोलिसांचा कागद
- प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. दवाखान्याखालचा झेरॉक्सवाला रात्री बंद असतो.

## ५. राज्य बदललं की काय होतं

वन नेशन वन रेशन झाल्यापासून एक गैरसमज झालाय. धान्य दुसऱ्या राज्यात उचलता येतं म्हणून लोकांना वाटतं त्याच कार्डावर दवाखाना पण कुठेही होईल. तसं नाही. तुमचं नाव केंद्राच्या आयुष्मान यादीत असेल तर ते कार्ड दुसऱ्या राज्यातल्या आयुष्मान दवाखान्यात चालतं. पण तुम्ही फक्त आपल्या राज्याच्या पैशातून योजनेत आहात, म्हणजे पांढरं कार्ड वगैरे, तर ते राज्याच्या योजनेत जोडलेल्या दवाखान्यांपुरतंच. कार्ड बघून हे कळत नाही, म्हणून परराज्यात कामाला जाण्याआधी १४५५५ ला (हा आयुष्मानचा नंबर) फोन करून आपलं नाव नेमकं कशात आहे ते विचारून घ्या.

गोवा. दीरासारखे कामाला गेलेले लोक इथं हमखास फसतात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर ४ लाख. नोंदणीची फी दोन-तीनशे रुपये आणि उत्पन्नाची अट नाही, पण गोव्यात पाच वर्षं राहिल्याचा पुरावा पाहिजे. दीर सात वर्षं तिथं होता पण खोलीचं ॲग्रीमेंट नाही, आधार गावचं, मतदान गावचं. कागदोपत्री तो गोव्यात नव्हताच. शेवटी पत्ता बदलून, रहिवासी दाखला काढून जमलं. तेव्हा गोव्यात राहायचंच असं ठरलं असेल तर पहिल्या दिवसापासून कागद गोळा करा. एक लक्षात असू द्या, पत्ता तिकडे नेला, रेशनकार्डातून नाव कमी केलं की इकडची योजना सुटते. दोन्हीकडे पाय ठेवता येत नाही.

बांबोळीच्या जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी दवाखान्यात) आमच्या भागातले, सिंधुदुर्गातले लोक पूर्वापार जातात. २०१८ पासून तिथं गोव्याबाहेरच्या पेशंटला फी लागते. खाजगीच्या मानाने कमीच, तरी जाताना पैसे घेऊनच जा, आणि आपल्या योजनेत तिथलं काय बसतं ते १५५३८८ वर आधी विचारा.

कर्नाटक. तिथं आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक. बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) कार्डवाल्यांना ५ लाख. एपीएल (रेषेवरचे) असेल तर पॅकेजच्या ३० टक्केच सरकार देतं, वर्षाला दीड लाखाच्या आत, बाकीचे ७० टक्के तुमचे. शिवाय अर्जंट नसलेल्या मोठ्या उपचारांना आधी सरकारी दवाखान्यात जाऊन तिथून रेफरची चिठ्ठी लागते, थेट खाजगीत गेलात तर परत पाठवतात. नणंदेने केलं ते यशस्विनी, ही सहकारी संस्थेच्या सभासदांसाठी. तिचा नवरा दूध सोसायटीचा सभासद, ग्रामीण भागात चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ५०० रुपये आणि ५ लाखांपर्यंत कव्हर. नोंदणी ठराविक मुदतीतच होते, ती चुकली की वर्ष गेलं, म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीला आधीपासून टोकत राहायचं.

सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राने २०२३ मध्ये फुले योजना लागू केली, त्यावरून दोन राज्यांत बरीच बोलाचाली पण झाली. तुमचं गाव त्यात असेल तर कर्नाटकचं कार्ड असूनही विचारायला हरकत नाही, पण कागद वेगळे लागतात, आधी फोन.

गुजरात, तेलंगणा, दिल्ली. सुरत-बडोद्याकडे आपले खूप लोक आहेत. गुजरातेत कव्हर १० लाखांचं आहे (तिथलं रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला हवा), तेलंगणात आरोग्यश्री डिसेंबर २०२३ पासून १० लाख, दिल्ली २०२५ मध्ये आयुष्मानमध्ये आली आणि राज्याचे धरून १० लाख. सगळीकडे मुद्दा तोच, तिथले रहिवासी कागदोपत्री व्हा.

## ६. पगारपत्रक बघा: ईएसआय

पगार महिना २१ हजारांपर्यंत आणि कंपनीत दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय लागू होतं. तुमच्या पगारातून पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन टक्के. म्हणजे १८ हजारांवर तुमचे १३५ रुपये. एवढ्या पैशात तुम्ही, बायको, मुलं आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आईबाप, ओपीडीसकट, औषधांसकट, आजारपणाच्या रजेचा काही पगार पण. मी तर म्हणेन कमी पगारवाल्यासाठी याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. लोक नावं ठेवतात, लाईन मोठी, औषध शिल्लक नाही, खरंय ते, पण शुगर-बीपीच्या महिन्याच्या गोळ्यांचा खर्च वाचतो आणि तो कुठलीच योजना देत नाही.

इथले खड्डे:

ठेकेदार पैसे कापतो पण भरत नाही. स्वतःचा इन्शुरन्स नंबर मागून घ्या आणि ईएसआयच्या पोर्टलवर हप्ते दिसतात का ते दर दोन महिन्यांनी बघा. आमच्याकडे चार महिने कापलेले आणि भरलेले शून्य निघाले, नवऱ्याने पाच जणांना घेऊन विचारल्यावर भरले.

कुटुंबाची नावं आणि आधार जोडलेलं नसतं. भरती करताना एचआरवाला फक्त कामगाराचं घालतो.

पगार मधेच २१ हजारांच्या वर गेला तर लगेच बंद होत नाही, चालू सहामाही संपेपर्यंत राहतं. आणि नोकरी सुटली तरी आधीच्या हप्त्यांवर पुढचा काही काळ मिळतं: एप्रिल ते सप्टेंबरच्या हप्त्यांचा फायदा पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये, ऑक्टोबर ते मार्चचा जुलै ते डिसेंबरमध्ये. नोकरी सुटली म्हणून कार्ड फेकून देऊ नका.

## ७. सत्तरीच्या पुढची माणसं

ऑक्टोबर २०२४ पासून ७० किंवा जास्त वयाच्या कुणालाही, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. घर आधीच आयुष्मानमध्ये असेल तर म्हाताऱ्यांना वेगळे ५ लाख, बाकीच्यांना त्यात वाटा नाही. खाजगी पॉलिसी किंवा ईएसआय असलं तरी चालतं.

वय आधारवरचं धरतात. आणि इथं आपल्या पिढ्यानपिढ्यांच्या १ जूनची गंमत येते, मास्तरांनी शाळेत घालताना अंदाजाने १ जून टाकलं, साल दोन-चार वर्षं इकडेतिकडे. सासूबाई शाळेतच गेल्या नाहीत, आधारवाल्याने चेहरा बघून साल टाकलं. त्या स्वतः म्हणतात मी पंचाहत्तरची, आधार म्हणतं ७०. निदान ७० तरी म्हणालं, कार्ड निघालं.

## ८. खाजगी पॉलिसी घ्यायचीच असेल तर

योजनेत न बसणाऱ्यांना किंवा थोडी ऐपत असलेल्यांना. नवशिक्याने आरोग्य संजीवनीपासून सुरुवात करावी, ही २०२० पासून सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींची मिळते, त्यामुळे फक्त हप्ता आणि तुमच्या गावाजवळचे कॅशलेस दवाखाने (जिथं बिल कंपनी थेट भरते) एवढंच तोलायचं. अटी आधीच समजून घ्या: प्रत्येक क्लेमच्या ५ टक्के तुम्ही भरायचे, आणि खोलीचं भाडं विम्याच्या रकमेच्या २ टक्के, जास्तीत जास्त दिवसाला ५ हजार. महाग खोली घेतली तर नुसता खोलीचा फरक नाही, डॉक्टरच्या फीसकट बाकीचं बिल पण त्या प्रमाणात कापतात. साधी खोलीच घ्या.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय. एजंटने अजून लावला तर विचारा.

पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. आधीपासूनच्या आजाराला थांबायची मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणून शुगर लपवून पॉलिसी काढण्यात काही अर्थ नाही, तीन वर्षांनी तसंही मिळणार असतं आणि लपवलेलं क्लेमच्या वेळी जुन्या रिपोर्टांतून बाहेर येतंच. फॉर्म एजंट भरतो, आजारांच्या रकान्यात सरसकट "नाही" टाकत सुटतो. तो फॉर्म सही करण्याआधी स्वतः वाचा. नाही पटलं तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

बँकेत वर्षाला २० रुपये कापतात तो आरोग्य विमा नाही! ती सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला २ लाख. चांगली आहे, राहू द्या, पण "माझा विमा आहे" म्हणून ॲडमिट व्हायला जाऊ नका. आमच्या गल्लीत एकाने पासबुक घेऊन दवाखाना गाठला होता.

## ९. कशातच बसलं नाही तर

धर्मादाय दवाखाने. ट्रस्टच्या नावावर चालणाऱ्या महाराष्ट्रातल्या मोठ्या दवाखान्यांना सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ अअ खाली १० टक्के खाटा गरिबांना मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. वर्षाचं कुटुंबाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर सवलत. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटायचं, उत्पन्नाचा दाखला घेऊन. "खाट शिल्लक नाही" हे उत्तर येणार, तेव्हा लेखी मागा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाला कळवा. लेखी मागितल्यावर खाट निघालेली मी एकदा डोळ्यांनी बघितलीय.

दुसरं मुख्यमंत्री सहाय्यता निधी. दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला (१ लाख ६० हजारांच्या आतला), आधार, रेशनकार्ड आणि ॲडमिट असल्याचा फोटो लागतो, पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात जातात. हा अर्ज डिस्चार्जनंतर नाही, पेशंट ॲडमिट असतानाच करायचा. आणि आधी फुले योजनेत बसतं का ते विचारतातच.

## १०. अडवलं तर

योजनेतल्या दवाखान्याने पैसे मागितले तर तिथंच उभं राहून १५५३८८ लावा, आयुष्मान कार्ड असेल तर १४५५५. तक्रार नंबर लिहून घ्या. नुसता फोन कानाला लावून "हो, हो, तक्रार नंबर सांगा" म्हटलं तरी काउंटरपलीकडचा आवाज खाली येतो. खाजगी पॉलिसीचा क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी, तिथं महिनाभरात काही झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी), मुंबई आणि पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही.

आमच्या घरी आता स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला एक जुनी रेक्झिनची पिशवी टांगलेली असते, त्यात सगळी कार्डं, झेरॉक्स आणि वर पहिल्या पायरीतला तो कागद. सासूबाई आल्यागेल्याला दाखवतात आणि सांगतात की हिच्यात माझी दोन्ही नावं आहेत.